खाली नाव: विशाखा ओव्हाळ

विशाखा ओव्हाळच्या डब्याच्या झाकणावर तिचं पूर्ण नाव कोरलेलं होतं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, पण ते आहेरात आलेल्या पातेल्यांवर आणि देणाऱ्याचं. विशाखाने स्वतःच्या डब्यावर स्वतःचंच नाव बाजारपेठेतल्या भांडेवाल्याकडून ठळक अक्षरांत घालून घेतलं होतं. स्टाफरूममधल्या तिच्या खुर्चीच्या पाठीवर नाव, डस्टरच्या लाकडावर नाव, छत्रीच्या दांड्यावर नाव. मी एकदा न राहवून विचारलं, "डबा कोण चोरणार आहे तुझा?"

"चोरायचं कुठलं, बाई," ती म्हणाली. "चुकून कुणी उचलून एक घास खाल्ला आणि मग कळलं डबा कुणाचा, तर त्यांची पंचाईत नको. आधीच वाचून घेतलेलं बरं."

हे ती हसत आणि मोठ्याने म्हणाली. टेबलाभोवतीच्या दोघीतिघी एकदम एकमेकींच्या भाजीचं कौतुक करायला लागल्या. शिरूरच्या आमच्या कॉलेजात दुपारी सगळ्यांचे डबे फिरायचे. विशाखाचा फिरत नसे. ती दौंडची, बौद्ध, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. घरचा कॉम्प्युटर बिघडला की मात्र प्रत्येकीला आधी तीच आठवायची. या गोष्टीबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. तिने ती झाकणावर कोरून ठेवली होती.

अर्णव, रेवा, मागच्या रविवारी फोनवर तुमची चर्चा चालली होती. अर्णवने एक वेब ॲप्लिकेशन लिहिलं आहे आणि त्याला लायसन्स कोणतं लावावं हे ठरत नाही. मी मध्येच म्हणाले, "ते चालवणार कोण आणि कुणाच्या मशिनवर, ते आधी ठरव." तुम्ही दोघं हसलात. आजीला हे कुठून कळलं? मला ते विशाखाकडून कळलं, आणि ज्या तऱ्हेने कळलं ती हसण्यासारखी नव्हती. म्हणून हे लिहिते आहे. तिचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. ती कॉम्प्युटर शिकवायची, मी इंग्रजी. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. मी जेवढी पाहिली तेवढीच इथे आहे.

नावाचं वेड तिला वडिलांकडून आलं होतं. आबा दौंड जंक्शनला गाड्यांची चाकं तपासायला होते. हातोडीने चाकावर ठोकायचं, आवाज ऐकायचा, ब्रेक बघायचे आणि सगळं ठीक असलं की डब्याच्या कडेला खडूने आपली सही करायची. विशाखा लहानपणी त्यांच्याबरोबर यार्डात जायची. "आबांची सही पार कलकत्त्याला जायची, बाई," ती सांगायची. "त्यांना मी विचारलं, सही कशाला करता, कोण वाचतंय? तर म्हणाले, गाडी पडली तर कुणाला धरायचं ते कळायला नको का?"

हेच तिने पुढे विद्यार्थ्यांच्या डोक्यात भरलं. प्रोग्राम कितीही चांगला लिहिलेला असो, खाली नाव नसलं की ती शून्य द्यायची. तक्रार घेऊन आलेल्याला तिचं उत्तर ठरलेलं होतं: "काम केलं की खाली नाव घालायचं. चुकलं, तर शिव्या कुणाला घालायच्या ते लोकांना कळायला पाहिजे."

ती गोड नव्हती हेही सांगितलं पाहिजे. स्वभावाने फटकळ. सहकाऱ्याच्या मुलाचा प्रोजेक्ट तपासायला दिला तर त्यावर लाल शाईने 'हा तुमच्या मुलाने केलेला नाही' असं लिहून परत करायची. भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा हे तिचं रोजचं जेवण, आणि कांद्याच्या वासाला कुणी नाक मुरडलं की ती दुसऱ्या दिवशी दोन कांदे आणायची. मला ती आवडायची. का, ते सांगता येणार नाही. माझ्या घरात प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असते, आणि तिच्या डोक्यातही तसंच होतं, एवढं एक कारण असेल.

तिचं आजोळ राहू गावाजवळच्या एका वस्तीवर. तिथे तिचे किसनमामा थोडी जमीन करायचे. गवार, भेंडी, कधी झेंडू. कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटावर, म्हणजे चारीवर, त्यांचं शेत अगदी शेवटी. चारीच्या शेवटाला तिकडे सगळे 'टेल' म्हणतात आणि सुरुवातीला 'हेड'. ही इंग्रजी आहे असं तिथे कुणाला वाटतही नाही. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी आलं, की आधी टेलला द्यायचं आणि मग वर वर सरकत हेडला यायचं असा नियम. नाहीतर वरचेच सगळं पिऊन टाकतात.

"कागदावर आमी पयले, चारीवर शेवटचे," किसनमामा म्हणायचे. "पाटकरी म्हणतो, पाणी येतंय, येतंय. आमी म्हणतो, व्हय, येतंय, हेडवाल्याच्या उसात येतंय."

पाटकरी म्हणजे चारीची दारं उघडणारा माणूस. कुणाची पाळी कधी, हे तो आणि पाणीवापर संस्थेचे दोघेचौघे मिळून ठरवायचे, आणि कसं ठरवलं ते कुणाला कळायचं नाही. सन दोन हजार उलटल्यावरची ही गोष्ट. यवतला नुकतंच सायबर कॅफे निघालं होतं. विशाखाने दोन सुट्ट्या घालवून एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'टेलपासून'. तो आमच्या कॉलेजातल्या एका कॉम्प्युटरवर राहायचा. संस्थेच्या सचिवाने यवतच्या कॅफेत बसून तो उघडायचा आणि पाळ्यांचा तक्ता छापून संस्थेच्या फलकावर लावायचा. मागच्या वेळी कुणाचं पाणी मध्येच तुटलं, ते यंदा कसं भरून दिलं, सगळं कारणांसकट त्यात असायचं. आणि तळाला एक ओळ: मूळ लेखन, विशाखा ओव्हाळ.

पहिला तक्ता लागला त्या दिवशी ती मला हौसेने राहूला घेऊन गेली होती. फलकासमोर टेलची बरीच माणसं जमली होती. किसनमामांनी बोट ठेवून आपलं नाव वाचलं. ते सगळ्यात वर होतं.

"इशाखा, तुजं मशिन माणसापरीस खरं बोलतंय की गं."

"मशिन नाही बोलत, मामा. मी बोलते. खाली नाव वाचा."

"वाचलं. लई बारीक काढलंयस."

"पुढच्या वेळी मोठं काढते. चुकलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळायला पाहिजे ना?"

सगळे हसले. त्या आवर्तनाला मामांच्या गवारीला वेळेवर पाणी मिळालं. पुढच्या तक्त्यावर नाव खरंच मोठं होतं.

मग शेजारच्या संस्था मागायला लागल्या, आणि तो कोणत्या अटींवर द्यायचा, म्हणजे परवान्याचा, तुमच्या लायसन्सचा, प्रश्न आला. प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं, प्रोग्राम कॉलेजच्या नावावर करावा, आतलं कुणाला दाखवू नये आणि संस्थांना विकत द्यावा.

"सर, आतलं दाखवलं नाही तर पाळी कशी ठरली ते शेतकऱ्याला कळणार कसं?"

"त्याला काय करायचंय, ओव्हाळ मॅडम? तक्ता मिळाला की झालं."

"तक्ता तर पाटकरीही देत होता," ती म्हणाली आणि उठून आली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी कॉलेजच्या वाचनालयात बसलो. वेगवेगळ्या परवान्यांचे मजकूर तिने छापून आणले होते. सगळे इंग्रजीत, आणि कायद्याच्या इंग्रजीत. मी वाचायचे, अर्थ सांगायचे, ती वाद घालायची. त्यांची खरी नावं तुम्हाला पाठ असतील. आम्ही आमची ठेवली होती. प्राचार्यांचा मार्ग म्हणजे 'कुलूप'. दुसरा एक परवाना जेमतेम पानभर होता: घ्या, वापरा, बदला, विका, फक्त आमच्यावर दावा लावू नका. त्याला तिने 'पाणपोई' नाव दिलं. तिसरा लांबलचक, पानंच्या पानं. त्याचा गाभा असा: हे घ्या, हवं तसं बदला, पण बदललेलं दुसऱ्याच्या हातात दिलंत तर तुमचे बदलही त्याला उघडे करून द्या, आणि याच अटीवर द्या.

तो वाचून झाल्यावर ती खुर्चीत मागे टेकली. "बाई, ही तर सावड आहे."

सावड तुम्ही पाहिलेली नाही. शेतकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबतात. आज माझी पेरणी, तुमचे बैल आणि माणसं. उद्या तुमची, माझे. कुणी कुणाला मजुरी देत नाही, पण ज्याने घेतलं त्याने आपली वेळ आली की द्यायचं. लिखापढी काहीच नसते.

"पाणपोई का नको?" मी विचारलं होतं. "सोपी आहे. लांबड नाही."

"पाणपोईवर कुणीही टँकर लावेल, बाई. सावडीत असं करता येत नाही. सगळ्यांच्या समोर असतं."

म्हणून तिने सावड निवडली. प्रोग्रामच्या प्रत्येक पानावर तसं लिहिलं, खाली आपलं नाव घातलं, आणि जो मागेल त्याला सीडी करून द्यायला लागली. सीडीवरही नाव, अर्थात. शेवटची ओळ तिने मराठीत स्वतःच्या मनाने जोडली होती: घेतलं तर द्या.

दोनतीन वर्षं बरी गेली. मग विजेचं भारनियमन वाढलं. शिरूरची वीज दिवसातून तासन् तास जायची आणि ती गेली की कॉलेजातला तो कॉम्प्युटर बंद. आवर्तन सुटायच्या आदल्या दिवशी यवतला बसलेल्या सचिवाला काही उघडायचंच नाही. विशाखाने प्राचार्यांकडे इन्व्हर्टर मागितला. ते म्हणाले, "प्रकल्प कॉलेजचा असता तर दिला असता." तिने स्वतःच्या पगारातून एक बॅटरी आणली. ती फार चालली नाही.

याच सुमाराला पुण्याच्या एका कंपनीने तिकडच्या संस्थांना तक्ता पुरवायला सुरुवात केली. त्यांचा सर्व्हर कधी बंद पडत नव्हता. संस्था तिकडे गेल्या, आणि विशाखाला त्याचं दुःख झालं नाही, उलट बरं वाटलं. कंपनीने चालवायला घेतला होता तो 'टेलपासून'च. कंपनीतला मुख्य माणूस तिचाच जुना विद्यार्थी होता, संदीप. तिने सीडी दिली होती त्यांच्यापैकी एक.

पहिल्या उन्हाळी आवर्तनाला टेल कोरडं राहिलं. दुसऱ्यालाही. तक्ता फलकावर वेळेवर लागत होता, स्वच्छ छापलेला. त्यात हेडच्या काही शेतकऱ्यांची नावं वर होती. कारणांचा रकाना नाहीसा झाला होता. तळाची ओळ मात्र होती तशीच होती: मूळ लेखन, विशाखा ओव्हाळ.

तिने संदीपला बोलावलं आणि तो आला, हे त्याचं कौतुक म्हणायला हवं. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. त्याने आधी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"घ्या ना, मॅडम. तुमच्याच आशीर्वादाने कंपनीचं पहिलं मोठं काम मिळालं."

"पेढे ठेव तिकडे. पाळ्या कुणी बदलल्या?"

"क्लायंटची मागणी होती, मॅडम. 'विशेष प्राधान्य' म्हणून एक रकाना दिलाय. संस्थेचे चेअरमन भरतात."

"चेअरमनचा ऊस हेडला आहे."

"ते आम्ही नाही बघत."

"आणि हा रकाना छापलेल्या कागदावर दिसत नाही."

"तो आतला आहे, मॅडम."

"मग आतलं दाखव. माझ्या परवान्यात लिहिलंय, बदललंत तर उघडं करून द्या."

संदीप जरा पुढे सरकून बसला. परीक्षेत उत्तर पाठ असलेला प्रश्न आला की चांगले विद्यार्थी बसतात तसा. "दुसऱ्याला कॉपी दिली तर, मॅडम. आम्ही कॉपी कुणालाच दिलेली नाही. प्रोग्राम आमच्या सर्व्हरवर आहे. संस्था तो नुसता लांबून वापरतात."

विशाखाने माझ्याकडे बघितलं. मी कपाटातून तो छापलेला परवाना काढला आणि ती पानं पुन्हा सावकाश वाचली. तो म्हणत होता ते बरोबर होतं. परवान्याची सगळी भिस्त वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाण्यावर होती. कुणी ती वस्तू आपल्या घरातच ठेवील आणि खिडकीतून लोकांना वापरायला देईल, याचा त्यात विचारच नव्हता. आम्ही दोघींनीही तो केला नव्हता. सावडीत बैल नेला की तो उघड्या रानात चालताना सगळ्या गावाला दिसतो. झाकून कुणी नांगरत नाही. वापरलेली गोष्ट दिसतेच, असं आम्ही धरून चाललो होतो.

"बरोबर आहे त्याचं," मी म्हटलं.

विशाखा संदीपकडे वळली. "ठीक आहे. मग माझं नाव काढ."

"नाव कसं काढणार, मॅडम? मूळ लेखकाचं नाव काढू नये, असं परवान्यातच आहे. आम्ही तंतोतंत पाळलंय."

मला राग आला. "संदीप, कॉपी दिली नाही म्हणून बदल दाखवायचे नाहीत, असं म्हणतोस ना? मग त्याच न्यायाने नाव ठेवायचं बंधनही नाही तुमच्यावर."

तो हसला. उर्मटपणे नाही, अगदी अदबीने. "ते खरं आहे, मॅडम. पण असू दे ना. तिकडच्या लोकांना नाव ओळखीचं आहे. नाव बघितलं की कुणी वाद घालत नाही."

पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर राहिला. त्याच्यावर कुणाचं नाव नव्हतं, त्यामुळे दुपारी स्टाफरूममध्ये तो लगेच संपला.

नंतरच्या रविवारी ती राहूला निघाली. "तुम्ही चला बाई बरोबर," म्हणाली. पहिल्या तक्त्याला तिने मला हौसेने नेलं होतं, पण सोबत हवी म्हणून असं कधी सांगितलं नव्हतं. न्हावऱ्यावरून एसटीने आम्ही गेलो. वाटेत ती मामांना काय सांगायचं त्याची तयारी करत होती. सर्व्हर हा शब्द मराठीत कसा सांगावा, यावरच तिचा बराच वेळ गेला.

किसनमामा अंगणात बसले होते. पलीकडे गवारीचं रान दिसत होतं, सगळं पिवळं पडलेलं. त्यांनी आम्हाला बसायला घोंगडी टाकली आणि तांब्या पुढे केला.

"घ्या, म्याडम. प्यायचं हाय, हापश्याचं. चारीचं न्हाई."

"मामा, तो तक्ता मी नाही काढलेला."

मामी दारातून म्हणाली, "मंग कुनी काढला?"

"पुण्याच्या कंपनीने. माझाच प्रोग्राम घेतला, पण आतलं बदललं."

मामांनी टोपीतून घडी घातलेला कागद काढला. फलकावरून उतरलेला, गेल्या आवर्तनाचा तक्ता होता. तो त्यांनी मांडीवर सरळ केला आणि तळाशी बोट ठेवलं. "ह्ये कुनाचं नाव हाय?"

"माझं."

"वस्तू तुजी?"

"माझीच होती."

"तर मंग त्यांनी काय बदललं ते दाव आमाला. आमी संस्थेत जाऊन भांडतो. चार माणसं घिऊन जातो."

"दाखवता येत नाही, मामा. ते त्यांच्या मशिनमधे आहे. मलाही बघायला मिळत नाही."

"म्हंजी वस्तू तुजी, नाव तुजं, आन् तुलाच बघाया मिळत न्हाई?"

"नाही."

"आसं कसं आसंल?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं सांगितली. मामा ऐकत होते, मान हलवत होते, आणि मला दिसत होतं की त्यांना त्यातलं एकही खरं वाटत नाही. खोटं बोलणारी माणसं असंच लांबण लावून बोलतात, हे त्यांनी पाटकऱ्याकडून अनेक वेळा ऐकलेलं होतं. ती थांबल्यावर त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

"तूच म्हणली हुतीस, इशाखा. खाली नाव वाचा. चुकलं तर शिव्या कुनाला घालायच्या ते कळायला पायजे." ते आवाज चढवून बोलले नाहीत. "आमी वाचलं."

मामी आत गेली. जाता जाता म्हणाली, "शिकली, मोठी झाली, आन् हेडवाल्यांत जाऊन बसली. जाऊ द्या. आपलंच नशीब."

परत येताना एसटीत विशाखा खिडकीला डोकं टेकवून बसली होती. शिरूर जवळ आल्यावर, अर्थ सांगणारी मी होते याचा मला दोष वाटू नये म्हणून असेल, म्हणाली, "परवाना मराठीत असता ना बाई, तरी मी तोच निवडला असता."

तिने पुढे जे करता येईल ते सगळं केलं. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी तक्ता हातात घेऊन विचारलं, "मॅडम, इथे तर तुमचंच नाव आहे. तक्रार कुणाविरुद्ध लिहून घेऊ?" संस्थेच्या सभेत तिला बोलू दिलं नाही, कारण ती सभासद नव्हती. किसनमामा सभासद होते, पण ते उठले नाहीत. आमच्या स्टाफरूममध्ये ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. "नाव, नाव करत होती. मिळालं नाव," असं एकीने म्हटलेलं मी ऐकलं. विशाखाही ऐकत होती. तिने डब्याचं झाकण लावलं आणि तासाला निघून गेली. एरवी तिने असल्या बोलण्याला उत्तर दिलं असतं. त्या दिवशी दिलं नाही, आणि मग कधीच दिलं नाही. कांदा आणायचीही थांबली.

काही काळाने एक नवा परवाना निघाला. जुन्यासारखाच, पण तो खड्डा बुजवलेला: नुसतं लांबून वापरायला दिलंत, तरी वापरणाऱ्याला बदल उघडे करून द्या. तिने तो छापून माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी वाचून म्हटलं, "हाच हवा होता. आता हा लाव ना."

"नव्याने काही लिहिलं तर लावीन. दिलेलं परत घेता येत नाही, बाई. सावडीत दिलेला दिवस कुणी परत मागतं का?" मग कागद उचलून ती कोरडं हसली. "पीक वाळल्यावर आवर्तन सुटलंय."

नव्याने तिने काही लिहिलं नाही. तीन-चार महिन्यांनी तिने नोकरी सोडली आणि दौंडला आबांकडे राहायला गेली. तिथे एका क्लासमध्ये टायपिंग शिकवते असं कळलं. जाताना खुर्ची कॉलेजचीच होती म्हणून तिच्या पाठीवरचं नाव तिने ब्लेडने खरवडून काढलं. तो पांढरा ओरखडा मी निवृत्त होईपर्यंत तिथे होता.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. तुमचे आजोबा आणि मी दौंडला गाडी पकडायला निघालो होतो. शिक्रापूरला त्यांचं काही काम होतं, म्हणून तिकडून राहूवरून यवतला जाणारा रस्ता धरला. राहूत आजोबांना चहा हवा होता. टपरीच्या समोरच त्या पाणीवापर संस्थेची खोली होती, आणि भिंतीवर तो फलक. आता त्याला काचेचं दार बसवून कुलूप लावलेलं होतं. आत नवा तक्ता होता.

फलकासमोर विशाखा उभी होती. पाठमोरी, पण मी ओळखलं. खांद्याला पर्स, हातात काळा मार्कर. मी हाक मारणार होते, आणि मारली नाही. तिने वाकून काचेवर, आतल्या कागदाच्या तळाची ओळ जिथे येत होती तिथे मार्करने रेघ मारली. मग तिच्यावर दुसरी, तिसरी. तिथे आधीच्या पुसट रेघांचा एक काळा पट्टा होता. ती दौंडहून दर आवर्तनाला येत असावी, आणि नंतर कुणीतरी काच पुसत असावं. पारावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "अगं बाई, काच रंगवून काय व्हनार? कागूद आत हाय." तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

नाव दिसेनासं झाल्यावर ती एक पाऊल मागे सरकली. यार्डात चाक तपासल्यावर आबा सरकत असतील तशी. मग पुन्हा पुढे झाली आणि त्या काळ्या पट्ट्याच्या खाली, काचेच्या कोपऱ्यात, तिने सही केली. पूर्ण नाव, ठळक अक्षरांत.

सही करून झाल्यावर तिचा हात तसाच थांबला. ती सहीकडे बघत राहिली. मग मार्करला टोपण लावून ती स्टँडकडे चालायला लागली. सही तिने पुसली नाही.